खल्फानसाहेबांच्या पिस्तुलाची पूजा

खल्फानसाहेबांचं पिस्तूल चौथ्यांदा दुरुस्तीच्या टेबलावर परत आलं, तेव्हा धनंजयने उसासा टाकला नाही. त्याच्याकडचे उसासे तिसऱ्या खेपेलाच संपले होते.

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका शूटिंग क्लबात धनंजय आर्मरर होता. म्हणजे सभासदांची पिस्तुलं साफ करायची, बिघडली तर दुरुस्त करायची आणि न बिघडलेली त्यांच्या हौसेप्रमाणे बदलून द्यायची. यातलं तिसरं काम माणसाला लवकर म्हातारं करतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने सैन्यात हत्यारं सांभाळण्यात घालवली होती, पण तिथे कुठल्याही जवानाने ‘ग्रिप जरा समुद्राच्या रंगाची करा’ असं म्हटलं नव्हतं. खल्फानसाहेबांनी म्हटलं. ग्रिप समुद्राच्या रंगाची झाली. मग हा समुद्र फुजैराचा वाटतो, आपल्याकडचा नाही, असं त्यांचं मत पडलं आणि ग्रिप पुन्हा बदलली.

त्यानंतर साहेबांनी ट्रिगरकडे लक्ष वळवलं.

“भाई, ट्रिगर भारी है. थोडा हलका करो,” ते म्हणाले. धनंजयने कारखान्यातून आलेली स्प्रिंग काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि हलकी बसवली. साहेब म्हणाले, अजून हलका. त्याने अजून हलका केला. आता क्लबच्या नियमात याहून हलका ट्रिगर बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर धनंजयला स्वतःलाही त्या ट्रिगरचा अभिमान वाटायला लागला होता. बोट नुसतं टेकवावं की काम झालं. तरीही साहेबांच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात खाली जाऊन बसत होत्या, आणि गोळी चुकली की साहेब हाताकडे न बघता पिस्तुलाकडे बघत होते.

हे सगळं धनंजयने निमूट सोसलं याला कारण होतं. क्लबचा मॅनेजर कुशल. हा शारजात वाढलेला मराठी पोरगा धनंजयपेक्षा निम्म्या वयाचा होता आणि त्याला काका म्हणून त्याची रजा अडवत होता.

“काका, सिंपल आहे,” कुशलने सांगितलं होतं. “खल्फान सर आपले सगळ्यात जुने मेंबर. ते हॅपी, की तुमची दिवाळीची लीव्ह अप्रूव्ह्ड. खलास.”

दोन दिवाळ्या धनंजयने इथेच काढल्या होत्या. गेल्या वर्षी मुलगी अस्मी फलटणहून व्हिडिओ कॉलवर आपण केलेला आकाशकंदील दाखवत होती, आणि नेमका कंदील लागायच्या वेळी नेट गेलं. नंतर तिने फोटो पाठवला. फोटो बघून तो बराच वेळ खोलीत दिवा न लावता बसून राहिला होता. यंदा काहीही झालं तरी जायचंच, असं त्याने ठरवलं होतं. आणि ‘काहीही’ म्हणजे खल्फानसाहेब होते.

आज दसरा. सकाळी चहाच्या मशीनपाशी उभा असतानाच रुपालीचा फोन आला.

“अहो, पूजा केलीत का?”

“करतो की. दरवर्षी करतो.”

“दरवर्षी काय करता ते मला माहितीय. स्क्रूड्रायव्हरच्या पेटीला बोट लावता आणि हात जोडता. मागच्या वर्षी तेच केलंत आणि रजा कॅन्सल झाली. त्याच्या आदल्या वर्षीपण.”

“अगं, हत्यारांना हळदकुंकू लावायला ही काय आपली पलटण आहे का?”

“ज्या पिस्तुलावर रजा अडलीय त्याची पूजा करा. मी त्या पार्सलमध्ये पुडी पाठवलीय ना, हळद, कुंकू, अक्षता, सगळं आहे. आणि नीट करा. घाईघाईत नको.”

धनंजयचा देवावर विश्वास होता आणि रुपालीवर त्याहून जास्त. शिवाय पलटणीत दसऱ्याला रायफली ओळीने मांडून पूजा व्हायचीच. हत्याराने वर्षभर घात करू नये म्हणून त्याला एक दिवस हात जोडायचे, इतका साधा तो हिशोब होता. त्याने शस्त्रागाराचं दार लावून घेतलं.

पूजा नीट करायची म्हणजे आधी सुरक्षेचे नियम. नियमाच्या बाबतीत धनंजय देवालाही सवलत देणारा नव्हता. त्याने पिस्तुलाची नळी वाळूच्या भिंतीकडे केली. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. वरची स्लाइड मागे ओढून अडकवली, म्हणजे पिस्तूल वरून उघडं राहिलं आणि आत गोळी नाही हे कुणालाही दिसलं असतं. डोळ्यांनी पाहिलं, करंगळीने चाचपलं. टेबलावर पिस्तूल ठेवायचं ते असं उघडंच ठेवायचं, हे त्याने क्लबातल्या प्रत्येकाला ओरडून ओरडून शिकवलं होतं.

तशा त्या उघड्या पिस्तुलाला त्याने हळद लावली, कुंकू लावलं आणि डोळे मिटून, मनोभावे, वरून अक्षता टाकल्या.

“रजा मिळू दे,” तो म्हणाला. देवापुढे आढेवेढे कशाला.

डोळे उघडतो तो दार वाजलं. “काका! खल्फान सर आलेत!”

“संध्याकाळी येणार होते ना?”

“आत्ता आलेत. मूडमध्ये आहेत. यल्ला, काका, प्लीज!”

धनंजयने फडकं घेऊन पिस्तूल पुसलं, टेबलावरच्या अक्षता झटकल्या, नळीतून आरपार पाहिलं. नळी स्वच्छ होती. एरवी त्याने पिस्तूल सुटं करून पुन्हा एकदा तपासलं असतं. पण ते काम त्याने पूजेच्या आधी केलं होतं आणि पूजेने पिस्तूल बिघडतं असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. स्लाइडवर पकडीसाठी बारीक खाचा असतात. त्या खाचांत बसलेलं कुंकू तेलात कालवलं गेलं होतं, ते काही फडक्याला लागलं नाही.

रेंजवर खल्फानसाहेब पांढऱ्याशुभ्र कंदूऱ्यात, म्हणजे पायघोळ अरबी झग्यात, उभे होते. रेंज ऑफिसर वासिफ त्यांच्या मागे. वासिफ पेशावरचा, धिप्पाड, आणि संकटाची वाट बघत जगणारा माणूस. इतक्या वर्षांत क्लबात एकही अपघात झाला नाही याचं त्याला समाधान होतं आणि थोडं वाईटही वाटत असावं.

साहेबांनी मॅगझिन भरलं, स्लाइड चिमटीत धरून मागे ओढली, नेम धरला. पहिली गोळी सुटली.

“भाई, ये क्या किया? ट्रिगर भारी है!” साहेब मान न वळवता म्हणाले.

धनंजय पुढे सरकला. भारी? तो ट्रिगर भारी होणं शक्य नव्हतं. साहेबांनी तोंड वाकडं करून आणखी चार गोळ्या झाडल्या. सहाव्या वेळेला ट्रिगर अर्ध्यावर जाऊन थांबला. पुढे जाईना, मागे येईना.

अशा वेळी काय करायचं हेही धनंजयनेच सगळ्यांना शिकवलं होतं. नळी भिंतीकडे धरून तसंच उभं राहायचं, पिस्तूल हलवायचं नाही, आतली गोळी उशिरानेही उडू शकते. खल्फानसाहेब गुणी विद्यार्थ्यासारखे उजवा हात ताठ धरून उभे राहिले. फक्त त्यांच्या छातीला खाज सुटली, आणि ती त्यांनी मोकळ्या डाव्या हाताने भागवली. स्लाइड ओढली होती ती याच हाताने.

वासिफने पाहिलं ते एवढंच: पिस्तूल अडकलं आणि साहेबांच्या पांढऱ्या छातीवर लाल फराटा उमटला.

“सीझ फायर!” वासिफ असा ओरडला की शेजारच्या रेंजवरच्यांनीही हत्यारं खाली ठेवली. “साहब को लगी है! लेट जाइए साहब, लेट जाइए!”

“नळी भिंतीकडे!” धनंजय ओरडला. “कोणी हात लावू नका!”

“लेट जाइए!”

“उभे राहा, साहेब! हिलना नहीं!”

खल्फानसाहेबांनी आपल्या छातीकडे पाहिलं, मग बोटांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कंदूऱ्याच्या रंगाचा झाला. “मेरे को दर्द नहीं है,” ते क्षीण आवाजात म्हणाले.

“दर्द नहीं है तो ज़्यादा सीरियस है,” वासिफने धीर दिला.

कुशल धावत आला, लाल रंग बघून आल्या पावली वळला आणि अँब्युलन्सला फोन लावायला लागला. वासिफने साहेबांना मागून कवेत धरून हळूहळू खाली बसवायला सुरुवात केली. साहेब बसत होते, पण शिकवलेला हात मात्र भिंतीच्या दिशेने ताठच होता. धनंजय गुडघ्यावर सरकत सरकत त्या हाताबरोबर खाली आला. अंगावर कुंकू आहे हे त्याच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. पण भरलेलं पिस्तूल हातात असलेल्या माणसाला आधी मोकळं करायचं आणि मग कुंकवाचं बघायचं, एवढी शिस्त त्याच्या अंगात मुरलेली होती. ठरलेली वेळ जाऊ देऊन त्याने पिस्तूल अलगद काढून घेतलं, मॅगझिन उतरवलं, आतली गोळी बाहेर काढली.

“साहेब, रक्त नाहीये,” मग तो म्हणाला. “कुंकू है.”

“कौन है?” वासिफ म्हणाला.

त्याला उत्तर न देता धनंजयने तिथेच रेंजच्या टेबलावर पिस्तूल सुटं केलं. ट्रिगरच्या पट्टीखाली हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा चिरडून अडकला होता. त्याच्या शेजारी दुसरा. सगळे वाकून बघायला लागले.

“काका,” कुशल फोनवर हात ठेवून म्हणाला, “ही बिर्याणी आहे?”

धनंजयने सांगून टाकलं. दसरा, पूजा, अक्षता, उघडं ठेवलेलं पिस्तूल, सगळं. लपवायला आता अंगात त्राण नव्हतं. सांगताना त्याच्या डोळ्यांसमोर अस्मीचा आकाशकंदील सावकाश लांब लांब जात होता. नोकरी गेली तर दिवाळीला घरी जाता येईल, असाही एक विचार मनात येऊन गेला. पण तशा जाण्याला रजा म्हणत नाहीत.

खल्फानसाहेबांनी तो चिरडलेला दाणा चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाले, “मेरी दादी भी नई गाडी में लुबान जलाती है. गाडी में धुआँ, सब खाँसते हैं.” ते हसले. “लेकिन वो इंजिन में नहीं डालती, भाई.”

तेवढ्यात वासिफने बटण दाबून निशाणाचा कागद जवळ आणला. पुराव्यासाठी लागेल म्हणून. 

पाचही गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात होत्या. एका मुठीखाली झाकतील इतक्या जवळ.

साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला. दुसऱ्या कुणाचा नाही याची खात्री केली. “ये... मैंने मारा?”

धनंजयच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता. तांदळाने ट्रिगर जड केला होता. जड ट्रिगर सावकाश दाबावा लागतो. हलक्या ट्रिगरला साहेबांचं बोट बसताक्षणी दचकत होतं आणि गोळी कोपऱ्यात जात होती. महिनाभर साहेब मागत होते ते चूक, आणि महिनाभर धनंजय अभिमानाने करून देत होता तेही चूक. दोघांची खोड एका तांदळाने मोडली होती.

त्याने ड्रॉवरमधली कारखान्याची मूळ स्प्रिंग आणली, पिस्तूल धुऊनपुसून साफ केलं आणि ती बसवली. चहा निवायच्या आत काम झालं. या वेळी सुटं करून, जोडून, दोनदा तपासून मगच त्याने ते साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी झाडलं. पुन्हा सगळ्या गोळ्या काळ्यात.

अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आले, तेव्हा खल्फानसाहेब वासिफला मिठी मारून उभे होते आणि वासिफच्या शर्टावरही आता कुंकू लागलं होतं. त्यामुळे अँब्युलन्सवाल्यांनी आधी वासिफला झोपवलं.

दुपारी कुशल शस्त्रागारात आला. त्याचा चेहरा फुलला होता.

“काका, खल्फान सर इतके हॅपी मी कधी पाहिले नाहीत! कम्प्लेंट नाही, काही नाही. म्हणाले, इस आदमी का हाथ में बरकत है.”

“मग रजा?” धनंजयने स्टूल ओढून घेतलं. 

“तेच सांगायला आलो.” कुशलने खुर्चीचा हात कुरवाळला. “सरांची मोठी मॅच आहे अल ऐनला. ते म्हणतात, पिस्तुलाला फक्त धनंजय हात लावणार. तुम्ही त्यांच्याबरोबर जायचं. डेट फिक्स झालीय.”

“कुठली?”

कुशलने तारीख सांगितली. ती लक्ष्मीपूजनाची होती.

 साहेब खूश झाले की रजा, असं ठरलं होतं. इतके खूश झाले तर काय, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी त्याने रुपालीला फोन लावला आणि काहीही न गाळता सगळं सांगितलं.  तिच्या मागे अस्मी कुणाला तरी आकाशकंदिलाचा कागद मागत होती.

“म्हणजे पूजा पावली,” शेवटी रुपाली म्हणाली.

“पावली ना. नको तितकी पावली.”

रुपालीने नाक ओढलं. रडू होतं की हसू, ते फोनवर कळेना. मग ती दमल्या आवाजात म्हणाली, “पुढच्या वर्षी अक्षता जरा बेतानेच टाका.”