देवळातली बाळंतीण

या, जरा पुढे सरकून बसा. बुवांचा मृदंग अजून सुरात लागायचा आहे, तोवर कापडे गावातल्या दत्ताच्या देवळात परक्या घरची बाळंतीण कशी राहिली, ते ऐकून घ्या.

हैबती मुंबईला एका ख्रिस्ती म्हातारीकडे स्वयंपाकी होता. ती परदेशी मुलाकडे निघाली, तेव्हा नाताळच्या सजावटीची पेटी तिने त्याला देऊन टाकली. ती सजावट दरवर्षी तोच पुसायचा, तोच मांडायचा. तिचा अर्थ मात्र त्याने कधी विचारला नव्हता; पगारात तो बसत नव्हता.

पेटी घेऊन तो गावी आला, तो दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. नाताळ आठवड्यावर होता. जन्माच्या वेळी ज्याची आरास सर्वांत सुंदर, त्याच्या घरच्या बाईने पाळण्याची दोरी ओढायची, असा कापड्यात अत्यंत निष्पक्ष नियम होता. दरवर्षी उत्सव कमिटीचे अध्यक्ष येसाजी यांचीच आरास सुंदर ठरायची, कारण ठरवायलाही तेच असायचे. दोरी त्यांच्या आईच्या, राहीबाईंच्या हातात जायची. गावात सर्वांत गोड गळा हैबतीच्या बायकोचा, आनंदीबाईचा. ती मागे चपलांजवळ बसून पाळणा म्हणायची.

"औंदा दोरी तुझ्या हातात," हैबती तिला म्हणाला.

"आधी आरास उभी करा. मुंबयच्या बाता मागनं."

हैबतीने देवळात पेंढा पसरून मातीची चित्रं मांडली. तान्हं बाळ, त्याची आई, दाढीवाला बाप, गाय, चार मेंढरं, तीन भरजरी पाहुणे आणि एक उंट. वर कागदी चांदणी, भोवती चकचकीत गोळे. गाव बघत राहिलं. येसाजी बघत नव्हते, तपासत होते.

"दिसायला बरं हाय," ते म्हणाले. "पर ह्याचा अर्थ काय? अर्थाबिगर आरास कमिटी धरत नाय."

हा नियम नुकताच जन्मला होता. हैबती उगाच पेंढा सारखा करू लागला. पण कीर्तनाला महाडाहून आलेले बुवा शेजारीच चहा पीत होते. बुवांना सगळं ठाऊक असे, आणि जे ठाऊक नसे ते जास्तच ठाऊक असे.

"अर्थ उघड आहे," बुवा म्हणाले. "ही अनसूयामाता. हे अत्री ऋषी. अतिथी होऊन आलेले हे ब्रह्मा, विष्णू, महेश. ही गाय. आणि हे दत्ताचे चार कुत्रे."

"कुत्र्यांना लोकर?"

"मार्गशीर्ष आहे. त्यांना थंडी वाजत नाही का?"

"आन हे गोळे?"

"मायेचे बुडबुडे."

"मंग उंट?"

बुवांनी डोळे मिटले. "उंट उत्तररंगात घेऊ."

कमिटीकडे नाही म्हणायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी कीर्तन उभं राहिलं, तेव्हा आनंदीबाई नवं लुगडं नेसून पाळण्यापाशी बसली होती. राहीबाई तिच्या मागे खांबाला टेकल्या होत्या.

दिवस मावळायला आला, बुवा ऐन रंगात होते, आणि पोलादपूरच्या दवाखान्यातल्या नर्स सालोमीबाई दारात आल्या. वाडीवर कुणाला सुई टोचून परतताना टाळ ऐकून त्या वळल्या होत्या. बाई ख्रिस्ती, हे हैबतीला ठाऊक होतं. तो उपरणं पसरून आरासीपुढे उभा राहिला. एवढ्या भक्तीने हैबती कधी उभा राहत नसे, म्हणून येसाजींना संशय आला.

"बाजूला हो रे. बायना दिसू दे की."

सालोमीबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगोबाई, हा तर आमचा गोठा. येशूच्या जन्माचा. नाताळला आम्ही घरोघर मांडतो."

मृदंग थांबला. बुवांचा घसा अचानक कोरडा पडला. ते पाणी मागू लागले. आनंदीबाई उठली आणि चपलांकडे निघाली.

"उचला समदं," येसाजी म्हणाले. "आरास बाद. दोरी आमच्या घरात. आये, हो म्होरं."

राहीबाई जागच्या हलल्या नाहीत. "कुणाला उचलतोस रे?"

"ही आपली अनसूया नाय, आये. परक्यांची हाय."

"बाळंतीण हाय ना?"

"हाय. पर..."

"बाळंतिणीला दहा दिस हलवत नायत. तुझ्या येळी तुझ्या आजीनं मला पाचव्या दिशी उठवून लावणीच्या चिखलात उभी केली. अजून कंबर धरती. हिला नाय उठवू द्यायची. मंग ती कुणाची का असंना."

येसाजी दोन पावलं मागे सरले. बुवांचा घसा मात्र तत्काळ सुटला. "हेच तर मी पूर्वरंगापासून सांगतोय," ते म्हणाले.

"आनंदे, माघारी ये गो," राहीबाई म्हणाल्या. "ह्या कमरेनं दोरी ओढवत नाय. धर."

सूर्य मावळला, फुलं उधळली, आनंदीबाईने दोरी ओढली आणि तिच्या गळ्यातून पाळणा उठला. सालोमीबाईंनी शब्द माहीत नसतानाही दुसऱ्या ओळीला सूर मिसळला.

"आता हिचं खाणंपिणं कोण बघणार?" गर्दी पांगताना राहीबाईंनी विचारलं, आणि लेकाकडे पाहत राहिल्या. कमिटीने एकमताने अध्यक्षांचं नाव सुचवलं. अध्यक्षांना मत विचारलं गेलं नाही.

नाताळच्या सकाळी सालोमीबाई गात गातच देवळात शिरल्या. येसाजी सुंठवड्याची वाटी घेऊन गोठ्यापाशी बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाय. आताच झोपलंय."

एवढं ऐकलंत, तर एक करा. घरात पाळणा बांधाल, तेव्हा आमच्या राहीबाईंची आठवण ठेवा, आणि बाळंतिणीला लवकर उठवू नका.