तळमजल्यावरचं लग्न

घर भाड्याने देणे हा व्यवहार नसून समाजाने घरमालकावर सोपवलेला पहारा आहे. यवतमाळातल्या आमच्या कॉलनीने ही जबाबदारी कधीही हलकी मानली नाही. गेल्या वर्षी थेट फिनलंडहून आलेल्या एका बाईंना याचा अनुभव आला आणि त्या भारावून गेल्या.

बाईंचं नाव हेल्मी. कापसाच्या शेतातल्या मातीत कोणते जीवजंतू राहतात हे मोजायला त्या दहा महिन्यांसाठी आल्या होत्या. (मातीत राहायला कोणत्याही जंतूला चौकशी नसते, असं त्यांचं प्राथमिक निरीक्षण होतं.) देश नवा, मराठी शून्य. म्हणून प्रकल्पाने त्यांना दुभाषा दिला. त्याचं नाव राजदीप. वणीजवळच्या राजूरचा, वडील कोळसा खाणीतून निवृत्त, स्वतः मृदाशास्त्रात एम.एस्सी. शेतावर सकाळी सहाला हजर राहायचं असल्याने दोघांनाही यवतमाळात खोली हवी होती. राजदीपला तर ती नोकरी टिकवण्यासाठीच हवी होती, कारण राजूरहून पहिली बस धरली तरी तो नऊच्या आत पोचत नसे.

कॉलनीत त्या वेळी 'खोली भाड्याने देणे आहे' अशा बारा पाट्या होत्या. बाराही घरांत हेल्मीबाईंना होकार मिळाला. राजदीपला एकाही नाही. चौकशीची पद्धत मात्र दोघांना एकच, म्हणजे अत्यंत निष्पक्ष. आधी चहा, मग गाव, मग वडील काय करतात, मग आडनाव. हेल्मीबाईंचं आडनाव कुणालाच उच्चारता येत नसे, त्यामुळे त्या चांगल्या घराण्यातल्या आहेत हे तिथल्या तिथे सिद्ध होई. राजदीपचं आडनाव मात्र सगळ्यांना एकदाच ऐकून समजत असे.

सदाशिवराव हे आमच्या कॉलनीतले सर्वांत अनुभवी घरमालक, निवृत्त अव्वल कारकून. त्यांचा वरचा मजला रिकामा होता, तळमजल्यावरची एक खोलीही रिकामी होती आणि दारावर 'फक्त शाकाहारी' अशी पाटी होती. त्यांच्या पत्नी मैनाबाईंनी बाईंचा आहार विचारला.

"रेनडियर खाते म्हणते," राजदीपने सांगितलं. "तिकडचं हरीण."

मैनाबाईंनी क्षणभर विचार केला. "हरीण गवतच खाते ना? मंग चालते."

वरचा मजला ठरला. मग राजदीपने खालच्या खोलीबद्दल स्वतःसाठी विचारलं. गाव झालं, वडील झाले, आडनाव झालं. सदाशिवरावांनी चष्मा पुसला.

"खोली तं हाये, पन आमच्या अमरचं लग्न होऊन राह्यलं. त्याले लागन ना."

(अमरचं लग्न त्याआधीच्या मे महिन्यातच झालं होतं. आम्ही जेवून आलो होतो.)

"काय म्हणाले?" हेल्मीबाईंनी इंग्रजीत विचारलं.

राजदीप भाषांतरात एक शब्द कमीजास्त करत नसे. त्याच कामाचा त्याला पगार होता. "यांच्या मुलाचं लग्न आहे," तो म्हणाला. गेल्या चार दिवसांतलं हे अकरावं लग्न होतं. (बाराव्या घरी रंगकाम निघालं होतं.) हेल्मीबाईंनी वहीत लिहिलं, या जिल्ह्यात दर बारा घरांमागे अकरा मुलगे बोहल्यावर आहेत. मग त्यांनी हात जोडले आणि लग्न कधी आहे, आपण आलो तर चालेल का, असं विचारलं.

"तीन तारखेले," सदाशिवराव म्हणाले. काहीतरी म्हणणं भागच होतं.

बाई वर राहायला आल्या. रोज सकाळी उतरताना त्या बोटांवर उरलेले दिवस दाखवत आणि हसत. अठ्ठावीस तारखेपर्यंत सदाशिवरावांची झोप उडाली. दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी त्यांनी सुनेला, निशिगंधाला बोलावून सांगितलं, शालू काढून ठेव.

"काहून?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बाबा म्हनते," अमर म्हणाला. हे कारण त्याला पहिल्या लग्नातही पुरलं होतं.

तीन तारखेला अंगणात मांडव उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, कॉलनी पुन्हा जेवली. हेल्मीबाईंनी लोकरीची दोन पांघरुणं आहेर केली. राजदीप दुभाषा म्हणून हजर होताच. एवढ्याशा कारणासाठी माणूस एवढं करू शकतो, हे पाहून मला तरी कॉलनीचा अभिमान वाटला.

निशिगंधा वाढायला आली तेव्हा तिने हळूच विचारलं, "तुमाले खोली भेटली का, भाऊ?"

"नाही. जानं-येनं करून राह्यलो."

"खालची तं रिकामीच हाये."

"तुमचं लग्न हाये ना, वहिनी."

तिच्या हातातला डाव तसाच थांबला. मग तिने त्याच्या पानात आणखी एक जिलबी ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेली.

जेवणानंतर हेल्मीबाईंनी भाषण केलं. अनोळखी देशात घर मिळणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इथे माणसाला कुणी परकं मानत नाही, असंही त्या म्हणाल्या. राजदीपने ते माइकवर मराठीत सांगितलं. 'परकं' या शब्दाशी तो जरा अडखळला, पण शब्द गाळला नाही. टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात सदाशिवरावांच्या.

पुढच्या महिन्यात राजदीपने नोकरी सोडली. सकाळी सहा त्याला जमलं नाही. हेल्मीबाईंना वाईट वाटलं. अहवालात त्यांनी लिहिलं की इथल्या तरुणांना आईजवळ राहायला आवडतं. आता त्यांचा दुभाषा आमच्याच कॉलनीतला आहे. त्याला इंग्रजी बेताचंच येतं, पण तो सहाला हजर असतो.

या संपूर्ण हकिकतीत मी राजदीपचं आडनाव कुठेही दिलेलं नाही. जात तर नाहीच नाही. वाचकांची त्यावाचून कुठे अडचण झाल्याचं ऐकिवात नाही. त्याचं नाव आणि गाव कळताच तुम्ही ते काम मनातल्या मनात उरकलं होतं. तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल, तर आमच्या कॉलनीला कळवा.