खिचडीघरावरील पत्र्यांची जबाबदार व्यक्ती

कोणतीही इमारत छपरामुळे टिकत नाही, कागदपत्रांमुळे टिकते. छप्पर गळाले तर घमेले ठेवून भागते. कागद गळाला तर चौकशी लागते. म्हणून जाणते प्रशासन पावसाळ्यापूर्वी आधी फायली शाकारते.

एकलहरे रस्त्यावरील एका शाळेच्या खिचडीघरावर सिमेंटचे अकरा पत्रे होते. अशा जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड आहे तोवर ते स्वस्थ बसते. पत्रा फुटला, घासला किंवा त्याला छिद्र पडले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत येतात, फुप्फुसात शिरतात आणि तिथे वीस-तीस वर्षे एकाही स्मरणपत्राशिवाय काम करत राहतात. (ही चिकाटी अन्य कोणत्याही विभागात आढळलेली नाही.)

अकरापैकी चौथा पत्रा चुलीच्या बरोबर वर तडकला होता. वारा सुटला की पातेल्यात राखाडी भुगा पडे. खिचडी शिजवणाऱ्या कुसाबाई एका हाताने पातेल्यावर परात धरत आणि दुसऱ्या हाताने ढवळत. एकशे त्रेचाळीस मुले ती खिचडी खात. त्यांत तिसरीतली सृष्टी ही कुसाबाईंची नात.

"सर, तेवढा पत्रा बदला. पोरं खात्यात ते," कुसाबाई मुख्याध्यापक धनराज सरांना दोन वर्षे सांगत होत्या.

"वरून काही आलेलं नाही," सर सांगत.

अखेर यंदा परिपत्रक आले. प्रत्येक शाळेने पत्र्यांची नोंदवही ठेवावी, प्रत्येक पत्र्यावर सूचनाफलक लावावा आणि एक जबाबदार व्यक्ती नेमावी. शाळेने हे सर्व नऊ दिवसांत पार पाडले आणि तालुक्यात पहिला क्रमांक मिळवला.

फलकांवर लाल अक्षरांत लिहिले होते : 'धोका. छिद्र पाडू नये.' फलक टिकाऊ बसावेत म्हणून प्रत्येक पत्र्याला ड्रिल मशीनने चार छिद्रे पाडण्यात आली. एकूण छिद्रे चव्वेचाळीस. एकही नोंदीवाचून राहिले नाही.

जबाबदार व्यक्तीचा प्रश्न नाजूक होता. परिपत्रकानुसार, 'ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात ती जागा' तो जबाबदार. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मते ताबा मुख्याध्यापकांचा होता. मुख्याध्यापकांच्या मते संस्थेचा. दोन बैठकांनंतर शाळेच्या समितीला निःपक्षपाती निकष सापडला : किल्ली. खिचडीघराची किल्ली कुसाबाईंच्या कमरेला होती.

"अभिनंदन, कुसाबाई. तुमचं नाव वर गेलं," सर म्हणाले.

"मला काय करायचंय?"

"काही नाही. काही झालं तर तुम्ही."

"अन् काही होऊ नये म्हणून कोण?"

सरांनी परिपत्रक उलटून पाहिले. "तेही तुम्हीच. इथे सही करा."

कुसाबाईंनी सही केली आणि त्याच बैठकीत चौथ्या पत्र्याबद्दल लेखी तक्रार दिली. (लेखन सृष्टीचे. शाळेच्या आवक नोंदवहीतले ते सर्वांत सुवाच्य पत्र आहे.) नियमाप्रमाणे तक्रार जबाबदार व्यक्तीकडे वर्ग झाली. दुसऱ्या दिवशी कुसाबाईंना कुसाबाईंची तक्रार मिळाली. सात दिवसांत खुलासा करावा, न केल्यास त्यांचे काहीही म्हणणे नाही असे समजण्यात येईल, असे सोबतच्या पत्रात नमूद होते.

यानंतर जे घडले त्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता. जबाबदार व्यक्तीने जबाबदारी घेतली. कुसाबाईंनी खिचडीघराला कुलूप घातले, मैदानातल्या निंबाखाली तीन विटा मांडल्या आणि चूल पेटवली.

"कुसाबाई, उघडा ते. उद्या तपासणी आहे."

"जबाबदार मी हाय ना, सर? मग नाय उघडत."

समितीने रात्रीत नियम तपासले. कुलूप घालण्याचा अधिकार कुसाबाईंना खरोखरच होता. जबाबदारी खाली पाठवताना घाईत तो सोबत गेला होता. मार्चअखेर जवळ असल्याने नवे लोखंडी पत्रे आश्चर्यकारक वेगाने मंजूर झाले. जुने पत्रे पाणी मारून, तोंडाला फडकी बांधून, न फोडता उतरवण्यात आले, तेही कुसाबाई उभ्या राहिल्या म्हणून.

आता उतरलेल्या पत्र्यांचे काय करायचे? शाळेची वस्तू निर्लेखनाची परवानगी आल्याशिवाय टाकता येत नाही, मग ती फुटकी बादली असो की विष. तोवर ती कुलपात ठेवावी लागते. कुलपाची दुसरी खोली म्हणजे तांदळाची कोठी. तिचीही किल्ली कुसाबाईंकडे असल्याने तो विषय तिथेच संपला. पत्रे भिंतीमागे ताडपत्रीखाली झाकण्यात आले. निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला.

चौथ्या दिवशी पत्रे गायब. अज्ञात इसमांविरुद्ध पंचनामा झाला. पंचांनी शोधूनही अज्ञात इसम अज्ञातच राहिले. कुसाबाईंना वस्तीतल्या एकाच फेरीत अकराही पत्रे सापडले. फलक अजून लटकत होते. दोन न्हाणीवर, तीन गोठ्यावर, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर, चार दुचाकींवर. आणि चौथा पत्रा शेजारच्या पिंकीच्या ओट्यावर, गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर. खिचडीतल्या भुग्याविरुद्ध पालकांनी जे निवेदन दिले होते, त्यावर पहिली सही पिंकीची होती.

"पिंकी, यावर काय लिहिलंय ते वाचलं का?"

"वाचलं की, मावशी. छिद्र पाडू नये. चांगल्या मालावरच असं लिहित्यात."

"अगं, तडकलाय तो. खाली तुझी पोरं जेवत्यात."

"शाळेत इतकी वर्षं चालला ना? मग घरी काय होतंय?"

 कुसाबाईंनी पिशवीतून नोंदवही काढून नवे पान उघडले.

"तुझ्या घराची किल्ली कोणाकडं असती?"

"माझ्याकडंच. का?"

कुसाबाईंनी नाव लिहून घेतले आणि पुढच्या घराकडे वळल्या.

ती नोंदवही अद्याप पूर्ण झालेली नाही. वाचकांनी एकदा मान वर करून आपल्या न्हाणीवर, गच्चीवर, पार्किंगवर काय आहे ते पाहून ठेवावे. तोवर संस्थेला, समितीला आणि पिंकीला खुशाल हसावे. किल्ली शोधण्याची मात्र तसदी घेऊ नये. ती तुमच्याच खिशात आहे.