उमाबाईंनी चाळीस मिनिटे काबीज केली, ती हकीकत

पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेविलेला मोबाइल थरथरला आणि पुंडलिकनगरातील त्या दोन खोल्यांच्या घरातली पहाटेची शांतता मोडली. चिरंजीव इंद्रजीतराव, वय वर्षे दीड, मातुःश्रींचा पदर मुठीत धरून निद्रिस्त होते. मातुःश्री उमाबाई, चिकलठाण्याकडील एका चार खोल्यांच्या सरकारी शाळेतील चौथीच्या शिक्षिका, यांनी ती इवली मूठ एकेक बोट करून सोडविली, त्या बोटांचा हळूच मुका घेतला, आणि मग डब्यापाशी जाऊन पाहतात तो कचेरीचे फर्मान आलेले. मजकूर येणेप्रमाणे: अतितातडीचे, सर्व विद्यार्थ्यांच्या पायांची मापे आज अकरापर्यंत लिंकवर भरावी, विलंब जाहल्यास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.

तर सांप्रत शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मासी, ज्या काळी शाळेत शिकविण्यावाचून सर्व काही घडत होते, त्या काळी उमाबाईंनी सलग चाळीस मिनिटांचा एक तास कैसा काबीज केला, तो वृत्तांत यथामति लिहिला असे. चूकभूल वाचणारांनी क्षमा करावी. कचेरीने न केली तरी चालेल.

मोहिमेचे कारण ऐसे जे, चौथीच्या सत्तावीस पोरांत सोनिया म्हणोन एक मुलगी होती, आईबाप दोघे कारखान्यात, आणि ती अवघे पुस्तक घडाघडा वाचीत असे आणि तिला एक शब्द वाचिता येत नव्हता. चित्र पाहून धडा ओळखावा, ऐकोन पाठ केलेला म्हणावा, आणि बोट ओळीवरून ऐसे फिरवावे की तीन वर्षे तीन गुरुजी फसले. उमाबाईंनी एके दिवशी चित्रावर तळहात ठेविला आणि ते बोट जागीच थांबले. मग पोरीने जे वर पाहिले, तो चेहरा बाई घरी पोळ्या लाटतानाही विसरल्या नाहीत. येत्या जूनात ती पाचवीस मोठ्या शाळेत जाणार, आणि तेथे साठ पोरांच्या गर्दीत तिच्याजवळ शब्द लावीत बसण्याइतका रिकामा कोण? अक्षरे तिला एकेकटी ओळखू येत होती. ती जोडावयास एक सलग तास हवा होता. दहा दहा मिनिटांचे तुकडे चारदा दिले, चारही वेळा पोर शब्दाच्या उंबऱ्यावर आली आणि चारही वेळा कोणी ना कोणी दार वाजविले.

सोमवारी पावलांची स्वारी आली. सत्तावीस पोरे, चोपन्न पावले आणि फूटपट्टी एक. बाईंनी जमिनीवर बसून अवघी पावले मोजिली, मग लिंक उघडितात तो ती अकराच्या ठोक्यास बंद जाहलेली. मंगळवारी हुकूम आला की शाळेतील रोपट्याभोवती पोरे उभी करून फोटो पाठवावा. रोपटे गतवर्षीच वाळून गेले होते, आणि कचेरीस रोपटे नको होते, फोटो हवा होता, सबब शेजारच्या लिंबाची फांदी मोडून जमिनीत रोविली आणि तिला पाणी घालितानाचा फोटो रवाना केला. त्यास कचेरीतून अंगठा आला.

मग उमाबाईंनी मुख्याध्यापक राजश्री रामकिसनराव यांजकडे अर्ज गुदरला, की एक तास मजला बिनखंड द्यावा. रामकिसनराव मनुष्य भला, परंतु फोन वाजला म्हणजे जागचे उठून उभे राहात. त्यांनी फर्माविले की शिकविणे रोजचेच आहे, ते केव्हाही होईल. माहिती आज जाणे आहे.

बुधवारी सोनियाने दुसरा शब्द जोडावयास तोंड उघडले, आणि तोच स्वयंपाकीण द्वारकाबाई खिचडीची वाटी आणि चवीची वही घेऊन दारी उभ्या राहिल्या, कारण पोरांआधी शिक्षकाने चाखून सही करावी ऐसा नियम.

“बाई, तेवढं चाखून सही करा. मीठ बराबर हाय, मला माहिताय. सरकारला माहीत नाय ना.”

बाईंनी चाखले, सही केली, आणि वाटी परत देताना त्यांची नजर सोनियाच्या थांबलेल्या बोटावर होती. द्वारकाबाई इतक्यावरून समजल्या. मधल्या सुट्टीत तांदळाच्या कोठीत खलबत बसले. दोघीच मुत्सद्दी. तेथे द्वारकाबाईंनी जी मसलत दिली, ती कोण्या वजिरास सुचती ना.

“मागल्या महिन्यात बॅनर लावून तुमचं ते हात धुवायचं चाललं व्हतं, तवा कुणी आत आलं का? सायेब बी भायेर थांबले, चपला काढून. उपक्रम म्हनलं की समदे भितेत. शिकवायला कोन भितंय?”

ऐसे म्हणोन त्यांनी तांदळाच्या पोत्यांवर झाकलेला जुना फ्लेक्स ओढून काढिला. त्याच्या सुलट बाजूस मागील एका अभियानाचे हसरे चेहरे, उलट बाजू पांढरीशुभ्र. उमाबाईंनी गुलमंडीच्या बाजारातून जाड काळा मार्कर आणिला आणि त्या पांढऱ्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहिले: उपक्रम सुरू आहे. कृपया आत येऊ नये. निरंतर भाषिक सान्निध्य अभियान.

ह्या शब्दांचा अर्थ शिकविणे, इतकाच होता.

गुरुवारी मधल्या सुट्टीआधीच्या तासाची घंटा होताच फ्लेक्स दारावर बांधिला आणि बाईंनी मोबाइल कपाटात कोंडिला आणि पुस्तकही मिटविले. मग सोनियास जवळ बसवून पुसिले की काल घरी काय जाहले ते सांग. पोर आधी लाजली, मग म्हणाली, “माही आई शिफ्टला गेली. मी भाकर केली. भाकर करपली.” बाईंनी तिचेच बोल जैसे निघाले तैसे फळ्यावर लिहिले, आणि कागदाच्या चिठ्ठ्या करून एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द घातला.

इकडे बाहेर रणधुमाळी माजली. रामकिसनराव वाजणारा फोन हाती घेऊन धावत आले, फ्लेक्स वाचिला, ओठांवर बोट ठेविले आणि चवड्यांवर माघारी फिरले. मागोमाग केंद्रप्रमुख तात्यासाहेब, अकरा शाळांचे अधिपती, दुचाकीवरून उतरले आणि थेट चौथीच्या दाराशी आले. खिंडीत द्वारकाबाई उभ्या होत्या.

“कसला उपक्रम आहे हो, मावशी?”

“लई मोठा हाय, सायेब. नाव बी लई मोठं हाय, मला घेता येत नाय. तुमी तवर खिचडी चाखा आन् सही करा.”

ह्याप्रमाणे अकरा शाळांचे अधिपती व्हरांड्यात वाटी घेऊन उभे राहिले, आणि दुसरी वाटी संपेतो उभेच होते.

आत बाईंनी चिठ्ठ्या विस्कटल्या आणि निराळ्याच क्रमाने सोनियापुढे मांडिल्या, आणि तोंडाने चकार शब्द काढिला नाही. पाठ म्हणावे तर ऐसे वाक्य कोणी बोललेले नव्हते, पाहावे तर चित्र नव्हते. पोरीचे बोट पहिल्या चिठ्ठीवर बसले. ओठ हलले. पाच मिनिटे गेली, आणि कोणी दार वाजविले नाही. आणखी पाच गेली. मागल्या बाकावरून माऊली उत्तर सांगू लागला, त्यास बाईंनी नजरेनेच गप्प केले. बोट दुसऱ्या चिठ्ठीवर गेले, मग तिसरीवर. आणि मग कोणी काही बोलण्याआधी सोनिया एकटीच हसली.

“बाई, भाकर कशी शिफ्टला जाईन?”

अवघा वर्ग हसला. बाई पाठ फिरवून फळा पुसू लागल्या आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसला. जे पोर हसले ते वाचून हसले, यापरती कसोटी कोणत्या कचेरीपाशी आहे?

तास सरल्यावर तात्यासाहेब आत आले. चिठ्ठ्यांकडे त्यांनी पाहिले नाही. फ्लेक्सचा फोटो तीन बाजूंनी घेतला, आणि व्हरांड्यातून एका हसण्यावाचून हूं का चूं ऐकू आले नाही म्हणोन संतोष पावले, आणि तेथेच हुकूम केला की हा उपक्रम उद्यापासून अकराही शाळांत चालू करावा, प्रत्येक वर्गाने दर दहा मिनिटांनी एक फोटो पाठवावा, लिंक सायंकाळी येईल, आणि उमाबाईंनी सोमवारपासून तीन दिवस वर्ग सोडून इतर शिक्षकांस याचे प्रशिक्षण द्यावे. रामकिसनराव उभ्यानेच हो म्हणाले.

तरी फत्ते ती फत्तेच. सबब दफ्तरी नोंद केली ऐसीजे: माघ मासी गुरुवारी, मधल्या सुट्टीआधीच्या तासास, चौथीच्या खोलीत, चाळीस मिनिटे बिनखंड हाती आली, आपले नुकसान काही नाही, एक पोर वाचती जाहली.

नोंदीवर शाई वाळली नव्हती तोच सोनिया फ्लेक्सची सुतळी सोडविण्यास बाईंजवळ आली. तिने फ्लेक्सवरचा पहिला शब्द बोट ठेवून लावला, सावकाश, आपला आपण, आणि मग पुसिले,

“बाई, आज शिकवायचा उपक्रम व्हता ना? मंग रोज काय असतं?”