मालेगुड्याच्या चर्चचा फरारी दगड

या, असे जवळ सरका. तिकडे उंबऱ्यावर बसलात तर गोष्ट अर्धी रस्त्यानेच निघून जाईल. मालेगुड्याच्या मेथडिस्ट चर्चचा पायाचा दगड फरार कसा झाला आणि माझे दाजी नागोराव यांनी तो कसा शोधला नाही, ते सांगतो.

दाजी स्वतःची ओळख अशी करून देत : "दख्खनचा गरुड! निजामाच्या मुलखातला एकमेव खासगी गुप्तहेर! माझ्या नजरेतून सुई सुटत नाही." सुई खरंच सुटली नसती. ते करोडगिरीच्या नाक्यावर नोकरीला होते. येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाठोडं सोडायचं, हुंगायचं आणि जकात घ्यायची. पुढे खातं बंद झालं, सवय राहिली. जेवायला बसले तरी आधी भाकरी उलटून पाहायचे. माझी बहीण भामा म्हणायची, "हा संसार नाही दौलत, झडती आहे." मी त्यांचा बिनपगारी मदतनीस. बहीण दिली, तिच्याबरोबर मीही गेलो.

साल छप्पन. हैदराबाद राज्याचे तुकडे करायचं नक्की झालं होतं. मालेगुडा म्हणजे हैदराबादेत गौलीगुड्याच्या अड्ड्यावर बस धरून जायचं लहानसं गाव. चर्च एकच, सकाळी आमची मराठी उपासना, दुपारी तेलुगू मंडळींची. सकाळी उमाजी मास्तर कीर्तन करायचे. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गोष्ट गाऊन सांगायचे. घरी परतलेल्या उधळ्या पुत्राला कवटाळायला बाप धावत निघाला की मास्तरांचं उपरणं खांद्यावरून सुटायचं आणि मागे झांज धरून उभ्या असलेल्या माझा ताल चुकायचा, कारण डोळे पुसायला हात रिकामा नसायचा. कोरड्या प्रवचनाने मी सुधारलो असं मला आठवत नाही. गाऊन सांगितलेलं मात्र आत जाऊन बसलंय.

राज्य फुटणार म्हणताच कचेऱ्यांतली आमची माणसं औरंगाबादला निघाली. बाकं रिकामी पडू लागली. तेवढ्यात मिशनच्या सुपरिंटेंडंट साहेबांचा निरोप आला : "रविवारी येतो. आता दोन उपासना कशाला? चर्च ज्यांनी बांधलं त्यांची उपासना राहील. दुसऱ्यांनी शहरातल्या चर्चला जावं." शहरातल्या चर्चला कीर्तन चालत नव्हतं. म्हणजे आम्ही हरलो तर मास्तरांचं गाणं बंद.

पुरावा एकच, पायाचा दगड. त्यावर बांधणाऱ्यांची नावं कोरली होती, असं सगळे म्हातारे शपथेवर सांगत. कुठे होता? "समोरच्या भिंतीत." आणि समोरची भिंत तर पांढरीशुभ्र, सपाट.

दाजींनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला, हुंगलं. "भिंत निर्दोष आहे," ते म्हणाले. "दगड चोरीला गेलाय."

"दाजी, भिंतीतून दगड काढला तर भोक राहतं."

"म्हणून तर तू मदतनीस आहेस, दौलत. चोर भोकासकट घेऊन गेला."

पहिला संशय तेलुगू मंडळींचे वडीलधारे राजरत्नम गारू, म्हणजे आपल्याकडचे राव, यांच्यावर. त्यांच्या अंगणात कपडे धुवायचा एक मोठा दगड होता. दाजींनी धुणं चालू असतानाच तो उलटा केला. खाली एक बेडूक निघाला. त्याचा जबाब घेता आला नाही.

राजरत्नम हात जोडून म्हणाले, "नागोराव साब, फत्तर लेके मैं क्या करतूँ? अचार डालतूँ?"

"बघ, लोणच्याचं नाव काढलं," दाजी माझ्या कानात म्हणाले. "बरणीवर दाबायला नेला."

बरणी तपासली. आंब्याचं होतं, चांगलं होतं. दाजींनी पुरावा म्हणून वाटीभर खाल्लं.

शनिवारपर्यंत त्यांचा नवा निष्कर्ष तयार झाला. "दगडावर अक्षरं मराठी, बरोबर? मराठी माणसांच्या बदल्या झाल्या, बरोबर? दगडाचीही झाली!"

"औरंगाबादला?"

"हुकूम पोचायचाय, पण दगड इमानी. आधीच निघाला."

ही फजिती आमची आई सरुबाई बघत होती. आमच्या गावची एक रीत होती. कुणाचं पोर दुखण्यातून उठलं, कुणाची पोरगी सुखाने नांदू लागली, की देवाचे आभार म्हणून समोरच्या भिंतीला चुन्याचा एक हात द्यायचा. समोरच्याच, कारण ती सगळ्यांना दिसते. आमची मंडळी चुन्यात चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवायची, तेलुगू मंडळी नीळ. दगड सापडू दे, एक हात देईन, असा आईनेही नवस केला. रविवारी उजाडताच बादली घेऊन ती निघाली.

"मामी, दगड सापडायचाय अजून," दाजी म्हणाले.

"देवाकडे उधारी नको, जावईबापू. आधीच देऊन टाकते." आणि तिने सढळ हाताने चुना चोपडला.

साहेब आले. दोन्ही मंडळ्या अंगणात जमल्या. दाजी ऐटीत भिंतीला पाठ टेकून म्हणाले, "सज्जनहो, गुन्हेगार तुमच्यातच उभा..."

धप्प! वर्षानुवर्षांचा चुना, त्यात आईचा ओला हात. भिंतीचा अख्खा पापुद्रा दाजींच्या डोक्यावरून घसरत खाली आला. दख्खनच्या गरुडाचा बगळा झाला. आणि मागे, होता तिथेच, दगड!

सगळे धावले. पण दगडावर एक क्रूस तेवढा उरला होता. नावं आमच्या आभारांनी खाऊन टाकली होती. मास्तरांनी मान खाली घातली.

साहेब मात्र पडलेला पापुद्रा उचलून त्याची कड न्याहाळत होते. दोन बोटं जाड; पिवळसर थर, निळसर थर, पुन्हा पिवळसर, दोन निळसर.

"हे काय?"

आई पुढे झाली. "हा जाडा पिवळा माझा. दौलत गोवरातून उठला तेव्हाचा. आणि त्याच्यावरचा निळा..."

"वो मेरा," राजरत्नम हळूच म्हणाले. "रझाकाराँ के टैम का. बच्चे सलामत रहे, बोलके."

"राहतील नाही तर काय? माझ्या कणगीत बसवली होती की पोरं! ज्वारी सगळी तुडवली मेल्यांनी."

राजरत्नम हसले आणि त्यांनी आईपुढे हात जोडले.

साहेब तो चुना हातात धरून म्हणाले, "बांधलं कुणी ते दगड सांगत नाही. राखलं कुणी ते दिसतंय. उपासना एकच, सकाळची. प्रवचन तेलुगूत, कीर्तन मराठीत. शहरात कुणी जायचं नाही."

त्या सकाळी मास्तर उभे राहिले आणि पालुपद तेलुगू मंडळींनी उचललं. उच्चार असे की मास्तरांनाही आपलंच पद नवं वाटलं. दाजी मिशीतला चुना झाडत मला म्हणाले, "पाठ कुठे टेकायची, हे शास्त्र आहे, दौलत."

सरुबाई आता नाही. तुम्ही जिथे कुठे रविवारी गायला उभे राहाल, तिथे सुरुवातीला एकदा तिचं नाव घ्या. दाजींचंही घ्या, नाहीतर आपलं नाव कुणी लपवलं, याचा तपास ते वरूनसुद्धा सुरू करतील.