गजभिये साहेबांचा शिक्का

आमच्या बँकेच्या नोएडा शाखेतला शिक्का आठवड्यातून एकदा तरी हरवायचा, आणि तो कुठे असतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गजभिये साहेबांच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली.

एकटंदुकटं म्हातारं माणूस मुदत ठेव मोडायला आलं, की साहेब खिसे चाचपायचे. "अरे, मुहर कहाँ गई? बैठिए, चाय पीजिए." मग चौकशी सुरू. पैसे कोणाला देताय? त्याचं घर पाहिलंत? आई कुठे असते त्याची? मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा कोणी इतकं खोदत नाही. तेवढ्यात कॅश बंद व्हायची वेळ होई. स्वतः साहेब मात्र ऑफिसात चहाला शिवत नसत.

तेव्हा सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवायच्या योजनांचं पेव फुटलं होतं. निवृत्त शिक्षिका माथुरबाई सगळी ठेव त्यात घालायला निघाल्या. एजंटबद्दल म्हणाल्या, "रोज़ आता है. मुझे माँ कहता है."

झालं! तीन दिवस शिक्का सापडेना. साहेबांच्या खिडकीवरची रांग माझ्या गळ्यात. मी जाम वैतागलो होतो. चौथ्या दिवशी मॅनेजर कडाडले, "पैसा कस्टमर का, मर्ज़ी कस्टमर की. हम कौन होते हैं पूछनेवाले?"

"मुहर लगानेवाले, सर."

साहेबांना मेमो मिळाला. पुन्हा असं झालं तर बदली, असंही त्यात होतं. संध्याकाळी मी म्हटलं, "साहेब, कशाला हा उपद्व्याप?"

"माझ्या ताईची ठेव मीच मोडली होती," ते म्हणाले. "तिने मानलेल्या भावासाठी. दोन मिनिटांत. एक शब्द विचारला नाही यार, वर म्हटलं, बघ आपल्या बँकेची सर्व्हिस! तो पळाला. ताई पैशांचं नाव काढत नाही. एवढंच म्हणते, 'लबाड होता, पण रोज चहाला यायचा रे.' आणि मी तिच्याच दिल्लीत राहून फक्त दिवाळीला तिच्याकडे जायचो."

तो भाऊ पळाला तेव्हापासून रोज ऑफिस सुटलं की ते बसने पहाडगंजला ताईकडे जात. दिवसभर चहा घेतला नाही म्हटलं, की ती हौसेने दोन कप टाकायची.

दुसऱ्या दिवशी माथुरबाई पुन्हा आल्या, एकट्याच. फॉर्म पर्समध्येच राहिला.

"मुहर मिली?"

"नहीं जी."

"अच्छा," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. "तो चाय मँगवाइए. अकेले नहीं पिऊँगी."

साहेबांनी दोन चहा मागवले. ताईला त्या दिवशी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.