पॅसेजमधले अप्पासाहेब

आमच्या खेळातले व्हँपायर अप्पासाहेब निंबकर सहा वर्षं माझ्या दाराबाहेर पॅसेजमध्ये उभे होते. तिथे ऊन येत नाही, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. मग सोसायटीच्या सभेत ठराव झाला की पॅसेजमधले चपलांचे रॅक, कुंड्या आणि अप्पासाहेब आठ दिवसांत हलवावेत.

खेळ साधा होता. दर रविवारी दुपारी चारला आम्ही चौघं माझ्याकडे जमायचो आणि आजच्या नाशिकात व्हँपायर राहतात असं धरून गोष्ट रचायचो. गोष्ट मी सांगायची, अप्पासाहेबांसारख्यांचं बोलणंही माझंच. बाकीचे आपापल्या पात्राचं बोलायचे, अडलं की फासे टाकायचे. चौघांतला निषाद कर्णिक हा इनामदार नावाचा व्हँपायर व्हायचा, आणि माझं घर खेळात त्याचं घर असायचं. शेवटच्या रविवारी अप्पासाहेब इनामदाराच्या दाराशी माफी मागायला आले. व्हँपायरला आत यायचं तर घरमालकाने 'या' म्हणावं लागतं. निषाद तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब, आधी चहा."

चहा पिताना भांडण झालं. तो म्हणाला, "वृंदा, तू फासे मुद्दाम माझ्याविरुद्ध वाचतेस." मी म्हटलं, "मग नको खेळूस. कुणी हातापाया पडलंय का?" माझी जीभ ही अशी. तो उठून गेला, खेळ तिथेच थांबला आणि अप्पासाहेब दाराबाहेरच राहिले. फासे मी चुकीचे वाचले होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. फोन मात्र केला नाही. गेल्या वर्षी तो डेंग्यूने गेला, तेही मला व्हॉट्सॲपवर कळलं.

सेक्रेटरी उपासनीकाका नोटीस घेऊन आले. "अगं, घे ना त्यांना आत."

"खेळात घर निषादचं आहे, काका. मी कशी बोलावू?"

"माझ्यामुळे कुणाला त्रास नको," अप्पासाहेब अंग चोरून म्हणाले.

"मयताचा हक्क नॉमिनीकडे जातो," काका म्हणाले. "फॉर्म भरून घेतला होतास?"

घेतला होता. बाबा याच सोसायटीचे खजिनदार, ते वळण माझ्यात आलंय. पात्र मेलं तर त्याच्या सामानावरून कटकट नको म्हणून प्रत्येकाच्या कागदामागे मी नॉमिनीचं नाव लिहून घेतलं होतं. माळ्यावरून फाईल काढली. इनामदाराच्या कागदामागे निषादच्या तिरक्या अक्षरात माझंच नाव होतं. एवढा विश्वास होता या माणसाचा, आणि मला एक फोन करवला नाही.

"या," मी म्हटलं.

अप्पासाहेब पायपुसण्याला पाय पुसून आत आले आणि निषादच्या रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडून उभे राहिले.

"काका, मग माफही मीच करून टाकू?"

काकांनी चष्मा पुसला. "नाही गं. नॉमिनी नुसता विश्वस्त. घरात घेता येतं. माफी मालकानेच द्यायची." रजिस्टरमध्ये 'पॅसेज मोकळा' असं लिहून ते गेले.

"आता हो?" मी अप्पासाहेबांना विचारलं.

"मी काय सांगणार, वृंदाताई? माझं बोलणं तुमच्याकडे."

खरंच होतं ते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग म्हटलं, "फासे मी चुकीचे वाचले, निषाद. चूक माझी होती."

अप्पासाहेबांनी मान डोलावली. तेव्हापासून दर रविवारी चारला आम्ही दोघं त्या खुर्चीसमोर उभे राहतो. चहा मी नंतर ठेवते.